सिस्टर नोराचा शनिवारचा रेडिओ

सिस्टर नोरा रेडिओ ऐकायच्या तो कोण कोण वारलं हे कळण्यासाठी. शनिवारी शाळा सुटली की त्या आमच्या फॅक्टरी क्वार्टरमध्ये यायच्या, वेताच्या मोढ्यावर बसायच्या आणि पिशवीतून कॅसेट काढायच्या. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर त्यांचं गाव. तिकडे आयरिश भाषेचा रेडिओ नुकताच सुरू झाला होता, आणि त्यांचा भाऊ तो टेप करून पाठवायचा. मासळीचा भाव, समुद्रावरचा वारा, आणि शेवटी त्या भागात कोण गेलं, दफन कुठे, हे सगळं. प्रत्येक नावाला सिस्टर छातीवर क्रूस काढायच्या. एखाद्या नावाला हसायच्यासुद्धा. "हा म्हातारा आमच्या कोंबड्या चोरायचा, कुसुमताई. चलो, गेला बिचारा."

मी त्यांच्याच कॉन्व्हेंट शाळेत चित्रकला शिकवत होते. मराठी त्यांनी माझ्याकडूनच उचलली होती. एकदा मी म्हटलं, "सिस्टर, इंग्रजी बातम्या तर रोज ताज्या लागतात. हे शिळं काहून ऐकता?" त्या तडकल्या. "त्या बातम्यांत दुनिया मरते, यात माझी माणसं मरतात. अन् शाळेत ही भाषा बोलले म्हणून मी छड्या खाल्ल्या आहेत. आता तीच भाषा लोक रेडिओवर बोलून राहिले. काहून नाही ऐकू?"

आमच्या यांना त्यातलं ओ की ठो कळत नसे, तरी ड्यूटी नसली की चहा घेऊन शेजारी बसायचे. म्हणायचे, "या हिंदी मुलखात नागपूरचं रेडिओ स्टेशन खरखरत लागलं की आपलंही असंच होते."

सिस्टरच्या घरी आयरिश कुणाला लिहिता येत नव्हतं, आणि घरचं सुखदुःख इंग्रजीत लिहायचं, तार करायची, हे त्या लोकांना पटतच नसे. म्हणून भाऊ कॅसेटच्या शेवटी चार वाक्यं बोलायचा. तेच त्यांचं पत्र. मागून म्हाताऱ्या आईचा खोकला ऐकू यायचा. सिस्टर तेवढाच भाग पुन्हा लावायच्या. "अजून आहे," म्हणायच्या.

एकाहत्तरची लढाई तेव्हा संपली होती, पण आमच्याकडच्या तोफगोळ्यांच्या फॅक्टऱ्यांचा ओव्हरटाइम संपला नव्हता आणि खिडक्यांवरचे काळे कागदही कुणी काढले नव्हते. नवा माणूस दिसला की लोक हेर म्हणायचे. परदेशी सिस्टर फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये न कळणाऱ्या भाषेची टेप लावते, ही कुजबुज आमच्या मुख्याध्यापिका मदरच्या कानावर गेली. त्यांनी पुढची पार्सलं आपल्या कपाटात कुलूपबंद केली. "माहोल निवळू दे," एवढंच म्हणाल्या. सिस्टर विचारत राहिल्या, मदर टाळत राहिल्या. आज्ञा मानायची शपथ घेतलेली बाई. काय करणार? रोज आईच्या नावाने मेणबत्ती लावायची.

मला आजही त्या कपाटाचा संताप येतो. पोलीस आले नव्हते, कुणी लेखी तक्रारही केली नव्हती. नुसत्या भीतीपोटी एका माणसाचं घर कुलपात घातलं होतं!

वर्ष उलटल्यावर मदरनी हसत कॅसेटी परत केल्या. जणू मोठा उपकारच. त्याच दुपारी सिस्टर आमच्याकडे धावत आल्या. सगळ्यांत जुनी कॅसेट लावली. नावं सुरू झाली, क्रूस सुरू झाले. एका नावाला हात कपाळापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. मागोमाग भावाचा आवाज आला. तो रडत होता.

"आई," सिस्टर म्हणाल्या. "मी तर तिच्या तब्येतीसाठी प्रार्थना करून राहिले होते, ताई. मेलेल्या बाईच्या तब्येतीसाठी!"

टेप चालूच ठेवून त्या उठल्या आणि तडक शाळेत गेल्या. मी मागे धावले. मदरच्या टेबलासमोर उभ्या राहून त्या आयरिशमध्ये बोलल्या. एवढ्या मोठ्याने की व्हरांड्यात मुली जमल्या. मदर तीनतीनदा म्हणाल्या, "इंग्रजीत बोला, सिस्टर." सिस्टरनी एक शब्द इंग्रजीत काढला नाही. याच गुन्ह्यासाठी पुढे त्यांना कुंडमकडच्या जंगलातल्या मिशनवर धाडलं. शेवटपर्यंत त्या तिथेच राहिल्या.

बोलून झालं तशा त्या निघून गेल्या. मदर माझ्याकडे वळल्या. "क्या कह रही थी ये?"

"तिची आई मेली," मी मराठीतच म्हटलं, "अन् वर्षभर तुमच्या कपाटात पडून राहिली."

"हिंदी में बोलिए, कुसुमजी."

मी नाही बोलले.