माझ्या हातांवरचा आळ

मालकाच्या आईनं मला अंगनात हुबं केलं आन् दहा मानसांसमोर म्हनाली, “हात पुढं कर. ह्याच हातानं माझं नातवंड मारलंस. गरमी झालीय हिला, गरमी.”

म्या हात पुढं केले. काय करनार, सवयच तशी. गड्यानं वरून राखेचं पानी वतलं. मालक खांबाला टेकून पान चघळत हुता. माझ्या रोगाची खबर गावात त्याच्याबिगर कुनालाच नव्हती. रोग त्याचाच हुता.

म्या मांगवाड्यातली सुईन. गावातली निम्मी पोरं ह्या हातावर आली. मला मागच्या दारानं आत घ्यायचे, नाळ कापली की त्याच दारानं भाईर, आन् मागं गोमूत्र शिंपडायचे.

नवरा वारून दोन वर्सं झाली हुती, तवा मालकानं कडब्याच्या गंजीआड बोलावलं. जबरदस्ती केली असं म्हनवत न्हाय, आन् राजीखुशीनं गेले असंबी न्हाय. निजामाच्या राज्यात मालकाला न्हाय म्हनून मांगवाड्यात चूल पेटत हुती व्हय? उठताना त्याच्या अंगावरचा चट्टा दिसला. इचारलं तर म्हनला, उष्णता हाय.

तवापास्नं जीव थाऱ्यावर न्हाय. रोज कवाड लावून कवडशात अंग बघायचं. लिंबाच्या पाल्यानं धुवायचं. काई दिसलं न्हाय की बरं वाटायचं, दुसऱ्या दिशी परत तेच. तिसऱ्या आठवड्यात चट्टा उठला. दुखत नव्हता. महिन्यानं आपोआप वाळला. म्या येडी, देवीला नारळ फोडला. पुढं पाठीवर लाल ठिपके आले तवा परंड्याच्या दवाखान्यात चालत गेले. दाक्तर म्हनले, चट्टा वाळला तरी गरमी रगतात ऱ्हाती, पोटातल्या लेकरालाबी लागती. सुया टोचून घे, आन् ज्याच्याकडनं लागली त्याला घेऊन ये. माझ्या हातानं बाळंतिनीला लागंल का, असं इचारलं. हाताला जखम न्हाय तवर न्हाय, म्हनले.

मालकाला सांगितलं. तो हसला. “मला काय धाड भरलीय? माझं कवाच वाळलं.”

त्याची बायको तवा पाच महिन्यांची पोटुशी हुती. तिला सांगायचं ओठावर आलं हुतं. भ्याले. गावातनं हाकलतील म्हनून भ्याले. सातव्यात लेकरू मेलेलंच भाईर आलं. त्याची कातडी माझ्या बोटांना चिकटून निघाली. ती अजून लागती. भाकरी थापताना लागती.

अंगनात ते राखेचं पानी कोपरापातुर आलं आन् म्या हात मागं घेतले. मालकीन आत बाजंवर पडली हुती. तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हनले, “गरमी मला मालकानं दिली. बाई, तुमालाबी दिली. लेकरू गरमीनंच गेलं. दोघंबी दवाखान्यात जावा.”

आतून मालकिनीचा बारीक आवाज आला, “अहो, खरंय का?”

मालक वहाना न घालताच भाईर निघून गेला.

मला गावातनं काढायची लई बोलनी झाली. काढलं न्हाय. अडलेली बाई सोडवायची तर दुसरं हायच कोन?

पर मागच्या दारानं म्या परत गेले न्हाय. कुनाचंबी घर असो, दिवस गेल्याचं कळलं की आदी नवऱ्याला उंबऱ्याशी बोलवायचं आन् गरमी हाय का, असं तोंडावर इचारायचं. खरं बोलला तर त्याला दवाखान्यात धाडायचं. गप बसला तर त्याच्यादेखत बायकोला दवाखान्यात जायला सांगायचं. एकदा म्या गप बसले. आता बसनार न्हाय.