दिसलं, मॅडम

चष्म्याच्या दुकानात माणसं जितकं खोटं बोलतात तितकं कोर्टातही बोलत नसतील, असं ताईंचं ठाम मत होतं. हे मत ऐकीव नव्हतं. दुकानामागच्या अरुंद खोलीत, अक्षरांच्या तक्त्याशेजारी छडी घेऊन उभं राहण्यात त्यांचं निम्मं आयुष्य गेलं होतं. खुर्चीतलं माणूस मान पुढे काढतं, डोळे किलकिले करतं, श्वास रोखतं आणि मग जे अक्षर तक्त्यावर नाहीच ते ठणकावून सांगतं. ताई म्हणायच्या, "अहो, दिसत नसेल तर नाही म्हणा. ही काय परीक्षा आहे का?" माणूस हसायचं, "दिसतंय, दिसतंय" म्हणायचं आणि पुढचं अक्षरही ठोकून द्यायचं. मग चुकीच्या नंबरचा चष्मा व्हायचा, चार दिवसांनी तेच माणूस तावातावाने परत यायचं, आणि बोलणी खायला ताई होत्याच.

या सगळ्यांवर कडी केली ती हेडमास्तरांनी. निवृत्त माणूस, कडक इस्त्रीचा शर्ट, आवाज असा की काउंटरवरच्या फ्रेमा थरथराव्यात. त्यांनी दोन चष्मे करून घेतले आणि दोन्ही परत आणून टेबलावर ठेवले. पेपर वाचता येत नाही, पायरी दिसत नाही, तुमची भिंगंच भिकार, असं सगळ्या गिऱ्हाइकांदेखत सुनावलं. खुर्चीत बसवलं की मात्र शेवटच्या ओळीपर्यंत खडाखडा वाचायचे. आता यांना द्यायचं तरी काय?

ताईंचं डोकं आधीच ठिकाणावर नव्हतं. दुकानाचे मालक, ज्यांना सगळे काका म्हणत, आता थकले होते आणि वर्षअखेरीस दुकान मुलाच्या हाती देणार होते. मुलगा शिस्तीचा. तपासणीच्या खुर्चीपाशी प्रमाणपत्र असलेलंच माणूस उभं राहील, हे त्याने आधीच सांगून टाकलं होतं. ताई पास झाल्या तर ताई, नाहीतर दुसरं कुणीतरी येईल आणि ताईंनी बाहेर बसून फ्रेमा पुसाव्यात. काकांच्या हाताखाली इतकी वर्षं काढलेल्या बाईला हे झोंबलं. पण त्या भांडल्या नाहीत. चाळिशी उलटल्यावर त्यांनी डोळे तपासणीच्या वर्गात नाव घातलं आणि आठवड्यातून दोन दुपारी दुकान सोडून विशी-बाविशीतल्या पोरापोरींच्या शेजारी बाकावर जाऊन बसू लागल्या. तिथे त्या 'काकू' झाल्या.

पुस्तकातलं त्यांना जमत होतं. घोडं अडलं ते दांडीपाशी. दांडी म्हणजे हातात धरायचं एक उपकरण. त्यातून उजेडाची बारीक पट्टी समोरच्याच्या डोळ्यात सोडायची, दांडी जराशी हलवायची आणि बाहुलीच्या आतली पट्टी दांडीबरोबर सरकते की उलटी पळते ते बघायचं. त्यावरून नंबर निघतो. माणसाला एक अक्षरसुद्धा विचारावं लागत नाही. खोटं बोलणाऱ्या गिऱ्हाइकांवर हा रामबाण उपाय होता, म्हणून ताईंना तो शिकायची कोण हौस. आणि नेमकं तेच त्यांना येईना. कधी पट्टी भलतीकडेच पळायची, कधी पट्टीच नाही, नुसताच लालसर धुरळा.

पहिल्या दिवशी मॅडमने सगळ्यांना रांगेत उभं करून सरावाच्या नकली डोळ्यात बघायला लावलं होतं. मॅडम वयाने ताईंच्या भाचीएवढी. प्रत्येकाला विचारत होती, दिसलं? आणि प्रत्येक जण म्हणत होता, दिसलं. ताईंची पाळी आली. त्यांना ढिम्म काही दिसलं नाही. पण मागे दहा जण खोळंबलेले, आधीच्या पोराने अर्ध्या क्षणात सांगून टाकलेलं, आणि आपण दुकानातल्या अनुभवी बाई म्हणून ओळख करून दिलेली. तोंडातून निघून गेलं, "दिसलं, मॅडम."

तिथेच सगळं फसलं. पहिल्या दिवशी विचारलं असतं तर फार तर अडाणी ठरल्या असत्या, आता विचारलं तर खोटारड्या ठरणार होत्या. एकेक आठवडा गेला तसा तो प्रश्न जड होत गेला. वर्गातली पोरं बिनदिक्कत विचारायची, मॅडम पुन्हा सांगा, मॅडम डोक्यावरून गेलं. ताईंना त्यांचा रागही यायचा आणि हेवाही वाटायचा. आपण विचारलं तर मॅडम म्हणेल, इतकी वर्षं दुकानात काय केलंत? ती असं काही म्हणाली नव्हती, म्हणणारी दिसतही नव्हती. पण ताईंच्या डोक्यातली मॅडम फार खवचट होती.

मग त्यांनी युक्ती काढली. सरावाच्या जोडीत एक चुणचुणीत मुलगी होती. तिला आधी बघू द्यायचं, तिचा आकडा ऐकायचा, मग आपण डोळा लावून दोन मिनिटं 'हं, हं' करायचं आणि त्याच्या आसपासचाच आकडा सांगायचा. मॅडम खूश. ताई घरी येऊन उशीत तोंड खुपसायच्या.

घरी काही वेगळी तऱ्हा नव्हती. नवरा टेम्पो चालवायचा आणि पत्ता विचारणं त्याला मरणाहून वाईट वाटायचं. एकाच चौकाला तीन प्रदक्षिणा घालेल, पण काच खाली करून कुणाला विचारणार नाही. ताई शेजारी बसल्या की त्यांचा पारा चढायचा. देवाने तोंड कशाला दिलंय, असं त्या त्याला फाडफाड बोलायच्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. एकदा नवऱ्याने शांतपणे विचारलं, तू विचारलंस का त्या मॅडमला? त्यावर ताई सबंध रस्ता खिडकीबाहेर बघत बसल्या.

प्रात्यक्षिक परीक्षा अगदी तोंडावर आली आणि हेडमास्तर तिसऱ्यांदा आले. या वेळी सोबत बायको होती आणि त्यांच्या कपाळावर पट्टी होती. जिन्यात पडले होते. दुकानात शिरताच त्यांनी आवाज चढवला. काकांनी ताईंकडे पाहिलं, ताईंनी त्यांना मागच्या खोलीत नेलं. आत आधीच्या गिऱ्हाइकाची तपासणी अर्धी राहिली होती, ती ताईंनी पुरी करायला घेतली. तोवर हेडमास्तर दाराशी उभे राहिले, आणि ताईंचं सहज लक्ष गेलं. त्या गिऱ्हाइकाने अक्षर म्हटलं की हेडमास्तरांचे ओठ हलत होते. पाठांतर चाललं होतं.

ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन चष्मे फुकट, सगळ्यांदेखत अपमान, आणि हा माणूस दाराशी उभा राहून तक्ता पाठ करतोय. ते गिऱ्हाईक उठताच त्यांनी हेडमास्तरांना खुर्चीत बसवलं. कपाटातून आकड्यांचा जुना तक्ता काढला, अक्षरांवर टांगला, त्यांना उजवा डोळा झाकायला लावला आणि छडी टेकवली.

हेडमास्तरांना एकही आकडा सांगता येईना.

"नाही म्हणायला तुमचं जातं तरी काय?" ताईंनी विचारलं. आवाज चढला होता, त्यांनी तो खाली आणला नाही.

हेडमास्तर गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते.  मग त्या मोठ्या आवाजातला अगदी तळाचा आवाज निघाला. "जन्मभर मी पोरांना विचारलं, फळ्यावरचं दिसतंय का. मला कुणी विचारलं आणि मी नाही म्हणालो, असं कधी झालंच नाही, ताई. पहिल्या वेळी वाचून टाकलं. मग दुसऱ्यांदा कुठल्या तोंडाने सांगू, की तेव्हाही दिसत नव्हतं?"

ताईंची छडी खाली आली. राग जायला हवा होता, तो गेला नाही. फक्त तो कुणाचा होता ते कळेनासं झालं. वर्गातली जोडीची मुलगी, तिचा आकडा, आपलं 'हं, हं' सगळं डोळ्यांपुढे आलं. दाराशी उभं राहून ओठ हलवणाऱ्या माणसाला आपण कुठल्या तोंडाने बोलतोय?

"आता सांगा," त्या म्हणाल्या.

"डाव्याने काहीच दिसत नाही," हेडमास्तर म्हणाले.

काकांनी टॉर्च मारून पाहिलं. मोतीबिंदू चांगला पिकला होता. तक्ता खडाखडा वाचणाऱ्याच्या डोळ्यात इतके दिवस टॉर्च मारायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

परीक्षेआधीच्या शेवटच्या सरावाला ताई निर्धाराने गेल्या. आज विचारायचं म्हणजे विचारायचं. वाटेत वाक्य घोकलं. पाळी आली, दांडी हातात घेतली, समोर तोच लालसर धुरळा. मॅडमने विचारलं, दिसलं? आणि ताईंच्या जिभेने, कुणाचीही परवानगी न घेता, सवयीने सांगून टाकलं, "दिसलं, मॅडम."

मॅडम पुढच्या मुलाकडे वळली. ताईंना स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. त्या दोन पावलं मॅडमच्या मागे गेल्या आणि तिच्या पाठीलाच म्हणाल्या, "नाही दिसलं."

"आज नाही दिसलं का, काकू?"

"कधीच नाही दिसलं. पहिल्या दिवसापासून."

वर्गात कुणीतरी फिसकन हसलं. ताईंचे कान तापले. मॅडम हसली नाही आणि रागावलीही नाही, ती नुसती ताईंच्या हाताकडे बघत होती. म्हणाली, जशी धरता तशी धरा बरं. ताईंनी दांडी धरली. मॅडमने त्यांच्या अंगठ्यावर बोट टेकवलं आणि विचारलं, हे कडं वर का ढकलताय?

दांडीला एक कडं असतं. ते जागेवरून सरकलं की पट्टी उलटी पळते किंवा विरघळते. ताईंच्या दुकानातल्या टॉर्चचं बटण अंगठ्याने वर ढकलायचं असे. इतकी वर्षं ढकलून ढकलून अंगठ्याला तेवढंच माहीत. दांडी हातात आली की तो आपला गुपचूप कडं वर सारायचा. मॅडमने अंगठा खाली घेतला. बाहुलीत उजेडाची लख्ख पट्टी उभी राहिली आणि दांडीबरोबर शहाण्यासारखी डावीकडे गेली, उजवीकडे आली.

ताईंना आनंद वगैरे काही झाला नाही. त्यांना रडू फुटेल इतका संताप आला. एवढंच होतं? उशीत खुपसलेलं ते तोंड, त्या सगळ्या दुपारी, एका कड्यापायी? आणि ते कमी होतं म्हणून की काय, जोडीतली ती चुणचुणीत मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, मलापण दिसत नाही." ताई तिच्याकडे बघतच राहिल्या. मग आकडे कुठून आणायचीस गं, त्यांनी विचारलं. नकली डोळ्याच्या मागे मोजपट्टी असते, मुलगी म्हणाली, मान वाकडी केली की वाचता येते.

परीक्षेत समोर नकली डोळा नव्हता, एक आजी बसल्या होत्या. ताईंच्या आधीचा मुलगा परीक्षकांना आकडे सांगून बाहेर पडला. दार उघडंच असल्याने ताईंनी ते नको असताना ऐकले. आत गेल्या, अंगठा खाली ठेवला. उजव्या डोळ्यात पट्टी झकास चालली. डाव्यात धुरळा. अंगठा तपासला, तो जागेवर होता. पुन्हा पाहिलं. धुरळाच. ऐकलेला आकडा जिभेच्या टोकावर येऊन बसला, आणि खुर्ची, काकांचा मुलगा, फ्रेमा पुसायचं फडकं, सगळं त्याच्यामागे रांगेत उभं राहिलं.

"सर, डाव्या डोळ्यात मला पट्टी दिसत नाही," त्या म्हणाल्या. "नंबर सांगता येणार नाही."

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. "दिसणारच नाही. पिकलेला मोतीबिंदू आहे तो. सकाळपासून सगळे मला त्याचा नंबर सांगतायत."

खुर्चीपाशी आता ताईच उभ्या असतात. माणसं अजूनही मान पुढे काढतात, डोळे किलकिले करतात, नसलेलं अक्षर ठणकावतात, आणि ताई अजूनही वैतागतात. मात्र 'ही काय परीक्षा आहे का' असं म्हणायचं त्यांनी सोडून दिलंय. परीक्षाच असते ती. त्या म्हणतात, "एकदा नाही म्हणून बघा." मग छडी तिथेच टेकवून, चरफडत का होईना, थांबून राहतात.