शिवणीतली माया

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी सहामाहीचे पेपर तपासत होते. अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ, द्वारकाबाई. वाटूर फाट्यावर रस्त्याकडेच्या खोलीत तिसेक वर्षं त्यांनी शिलाई मशीन चालवली. दुपारी जेवून मशीनवर बसल्या, कुणाच्या तरी ब्लाउजला हुक लावत होत्या, आणि लावता लावता मान खाली गेली ती गेलीच... पुतण्या फोनवर रडत होता. मी "निघते" म्हणाले, फोन ठेवला, हातातला पेपर पुरा तपासला, गुणांची बेरीज केली आणि मग उठले. लोक म्हणतात धक्का बसतो. मला नुसता थकवा आला. दिवसवार झाले, पाहुणे आले आणि गेले, शाळा पुन्हा सुरू झाली. दीड महिना झाला, तो थकवा काही अंगातून उतरत नाही.

शेवटची भेट दसऱ्याच्या आधीची. मी जालन्याहून वाटूरला गेले होते आणि त्यांनीच शिवलेला मोरपंखी ब्लाउज आता दंडात रुततो म्हणून कुरकुर करत होते. अक्का चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "भरलीस बाई तू. पगार वाढला का?" मग लगेच, "घिऊन ये की. माया हाय आत, दोन बोटं. बसल्या बसल्या सोडून देते." शिवणीच्या आत पुढच्या दिवसांसाठी दुमडून ठेवलेलं जादा कापड, त्याला आमच्याकडे माया म्हणतात. मी म्हणाले, दिवाळीनंतर आणते. दिवाळीनंतर मी वाटूरला गेले ती मातीला.

अक्कांचं माहेर हसनाबादचं. शिक्षण चौथी, तोंड फटकळ आणि हात असा की बायका परतूरहून यायच्या. टेप गळ्यात असायचा, पण तो शोभेला. माप त्या नजरेनंच घ्यायच्या. मी शिकलेली, बी.एड. केलेली जाऊ. त्यांना माझं कौतुक होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही माझं बरंच होतं.

त्यांची आठवण म्हटली की मला मारितबाईंचा झगा आठवतो. बावीस-तेवीस वर्षं झाली असतील. पाण्याच्या कामासाठी नॉर्वेहून एक जोडपं जालन्यात येऊन राहिलं होतं आणि त्यातल्या बाईंना, मारितबाईंना, मी मराठी शिकवायला जायची. एक दिवस त्यांनी पेटीतून एक पोशाख काढून पलंगावर पसरला. काळा जाड लोकरी घागरा, तसलीच बिनबाह्यांची चोळी, दोन्हींवर रंगीत लोकरीची फुलं, चांदीचे आकडे. त्यांच्या आजीचा. आजी त्याच हिवाळ्यात वारली होती आणि मारितबाईंना जाता आलं नव्हतं. इंगानं, म्हणजे त्यांच्या आठ वर्षांच्या मुलीनं, मे महिन्यातल्या त्यांच्या देशाच्या मोठ्या दिवशी तो घालावा असं आजीनं पत्रात लिहिलं होतं. आजीचं ते शेवटचं पत्र. आता घागरा लहान तर करायचा, पण त्याला कात्री लावायची नाही. इंगा मोठी झाली की तो पुन्हा मोठा झाला पाहिजे. जालन्यातल्या एका नावाजलेल्या टेलरनं झटकन सांगून टाकलं होतं की इथून कापू, उरलेल्याची छान पिशवी होईल. हे सांगताना मारितबाई हसल्या आणि हसता हसता रडायला लागल्या.

मी ते बोचकं घेऊन वाटूरला गेले. अक्कांनी घागरा हातात तोलून पाहिला. "हे काय घोंगडं आनलंस? मे म्हैन्यात लेकराला ह्यात कोंबायचं?" मी बाकीचं सगळं सांगितलं. आजीचं सांगितल्यावर त्यांनी घागरा अलगद मांडीवर ठेवला. "कापायचं न्हाई आन् लहान करायचं... आन् माज्या हातनं बिघडलं तर? मेलेल्या मान्साची चीज हाय ती." त्यांना काम नाकारताना मी कधी पाहिलं नव्हतं, त्या दिवशी नाकारायच्या बेतात होत्या. मग सहज म्हणून त्यांनी घागरा उलटा केला, कमरेजवळची शिवण बोटानं फाकवली आणि एकदम ओरडल्या, "शोभे, हिकडं बघ! माया!" आत चांगली चार बोटं माया होती. तिच्यावर जुन्या टाक्यांच्या भोकांच्या दोन रांगाही होत्या. अक्का त्या भोकांवरून बोट फिरवत राहिल्या. "दोन बार लहान-मोठा केलाय ह्यो. कुन्या बाईनं केलाय, बराबर केलाय. तिकडं बी माया सोडतेत की गं!" एवढं बोलून त्यांनी झगा ठेवून घेतला.

नऊ दिवस लागले. मशीन नाहीच, सगळं हातानं. उन्हाळा मी म्हणत होता, पंखा वीज असेल तेव्हा फिरायचा. घाम लोकरीवर पडू नये म्हणून कपाळाला पंचा बांधून अक्का बसायच्या. साबणाच्या चिपटीनं खुणा केल्या, कमरेला चुण्या घालून त्या आतून टाचल्या, खालचा घेर दुमडून वर घेतला. एक धागा कापला नाही. घ्यायला गेले तेव्हा म्हणाल्या, "तिला सांग, पोरगी वाढंल तशी एकेक चुनी सोड. पंधरा वर्सं बघायला नगं."

मारितबाईंनी झगा उलटून टाका न् टाका पाहिला. मी त्यांना 'माया' हा शब्द सांगितला, त्याचा दुसरा अर्थही सांगितला. त्यांनी तो वहीत लिहून घेतला. आणि मग कमरेच्या आत, पांढऱ्या अस्तरावर त्यांचं बोट थांबलं. तिथं काळ्या दोऱ्याची एक गाठ होती, तिळाएवढी. "हे काय?" त्यांनी विचारलं. विचारण्यात राग नव्हता, नुसतं विचारणं होतं. मला कळलं होतं काय ते. लेकराच्या गालाला तीट लावतात, तशी अक्कांनी कपड्याला लावली होती, नजर लागू नये म्हणून. पण त्या परक्या बाईसमोर माझी मलाच लाज वाटली. नजर, दृष्ट हे इंग्रजीत सांगायचं, आणि ते आपल्याच जाऊबद्दल... मी म्हणाले, "शिलाईतली चूक आहे. काढून आणते."

परत वाटूर. मी अक्कांना म्हणाले, "त्यांना डाग वाटतो. असलं काहीतरी कशाला करता तुम्ही?" चूक हा शब्द माझा होता हे सांगितलं नाही. अक्कांनी सुई घेतली, माझ्याकडे पाठ करून खिडकीच्या उजेडात बसल्या. थोड्या वेळानं घागरा माझ्यापुढे टाकला. "बघ. दिसती का?" मी म्हणाले, "नाही." "दिसत न्हाई न? मंग झालं."

त्यांच्या देशाच्या मोठ्या दिवशी इंगा बंगल्याच्या अंगणात तो झगा घालून उभी राहिली, ऐन वैशाखात. दहा मिनिटांत टोमॅटोसारखी लाल झाली, फोटो निघाला आणि पोर झगा टाकून नळाखाली जाऊन बसली. मारितबाईंनी फोटोची एक प्रत अक्कांना पाठवली. ती शेवटपर्यंत मशीनमागच्या भिंतीवर होती. बायका विचारायच्या, ही गोरी पोरगी कोण? अक्का म्हणायच्या, "माजं गिऱ्हाईक." पुढच्या साली ते कुटुंब परत गेलं. दोन-तीन पत्रं आली, मग तीही थांबली. आणि चूक हा शब्द माझा होता, हे मी अक्कांना कधीच सांगितलं नाही. वीस वर्षांत शंभर वेळा त्या खोलीत बसले, चहा प्याले, ब्लाउज शिवून घेतले. आज सांगू, उद्या सांगू... एवढ्याशा गाठीचं काय सांगायचं, असंही वाटायचं.

गेल्या रविवारी तो मोरपंखी ब्लाउज घेऊन मी स्वतःच उसवायला बसले. दुसऱ्या कुणाकडे टाकायला मन होईना. काखेतली शिवण ब्लेडनं दोन टाके उसवली, माया फाकवली. दुमडलेल्या कापडाच्या दोन पदरांना धरून आत काळ्या दोऱ्याची गाठ होती. तिळाएवढी. पन्नाशी ओलांडलेल्या, बी.एड. झालेल्या बाईला तीट! मी उठले, कपाटातले त्यांनी शिवलेले सगळे ब्लाउज काढले आणि एकेक उलटा केला. जुने, विटलेले, दंडात कधीच न जाणारे. सगळ्यांत होती, मायेच्या आत, कुणाला दिसणार नाही अशी. मग त्या दिवशी पाठ करून खिडकीत बसलेल्या अक्का आठवल्या. दिसती का, एवढंच विचारलं होतं त्यांनी. काढली, असं त्या म्हणाल्याच नव्हत्या.

मी पलंगावर बसून रडले, दीड महिन्यात पहिल्यांदा. अक्का, चूक तुमची नव्हती हो, माझी होती.

माया सोडायची तर ती गाठ कापावी लागते. मी उसवलेले दोन टाके परत घातले, वाकडेतिकडे, मला जमतात तसे. ब्लाउज दंडात रुततो. रुतू दे.