म्हाताऱ्याचा श्वास

मढ्यांचे आवाज काढण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

‘उरलेले’ हा व्हिडिओ गेम तयार होत होता तेव्हा कंपनी म्हणजे एका गोदामाचा वरचा मजला, थोडी टेबलं आणि एकच धड चालणारा पंखा. गेम असा: साथीत शहर मेलंय, मेलेले उठून चालताहेत, आणि आपण हातात लोखंडी पाइप घेऊन कसंबसं जिवंत राहायचं. चित्रं काढणाऱ्यांनी झॉम्बी झकास काढले होते, पण त्यांनी तोंड उघडलं की विकत आणलेले तयार आवाज यायचे आणि कुणीतरी बेसिनशी गुळण्या करतंय असं वाटायचं. ध्वनीचं काम बघणाऱ्या या मुलीनं मग सामानाच्या खोलीला आतून गाद्या लावल्या आणि एकेक मढं स्वतःच्या घशातून बाहेर काढलं. श्वास आत ओढताना बोलायचं, दातात ओला टॉवेल धरून किंचाळायचं, पोट दाबून कण्हायचं. संध्याकाळी घरी गेल्यावर तिला पाणीसुद्धा खुणेनंच मागावं लागे. ऑफिसात तिचं नाव पडलं भुताई.

मालक तरुण होता, गोड बोलायचा. “मला सर म्हणायचं नाही, दादा म्हणायचं. आपण एक घर आहोत,” हे त्याचं पालुपद.

गेम गाजला. समीक्षकांनी चित्रांना नावं ठेवली, कथेची टर उडवली, पण आवाजापुढे सगळ्यांनी हात टेकले. दादा स्टेजवर जाऊन बक्षीस घेऊन आला. “हे आवाज आणले कुठून?” असं कुणीतरी विचारलं तर “ते आमचं गुपित” म्हणून त्यानं डोळा मारला. गेमच्या शेवटी नावं सरकतात तिथे छापलं होतं, ‘ध्वनी: कंपनी परिवार’.

भुताई त्याच्या टेबलाशी गेली. “दादा, माझं नाव?”

“अगं, घरात कुणी पाटी लावतं का, ही भाजी अमकीनं केली म्हणून?” असं म्हणून तो हसला. आजूबाजूचेही हसले. ते हसू तिच्या जिव्हारी लागलं, पण त्या दिवसांत तिला भांडायला सवड नव्हती. घरी बाबा अंथरुणाला खिळले होते.

बाबांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. तारा जोडताना डागणीचा धूर आयुष्यभर छातीत गेला आणि शेवटी फुप्फुसांनी काम सोडलं. त्यांच्या आजारपणात ती घरून काम करायची, म्हणून कंपनीचं रेकॉर्डिंगचं यंत्र तिच्याकडेच होतं. एका दुपारी बाबांना झोप लागली होती. आत जाणारा श्वास बारीक शिट्टी वाजवत जायचा, बाहेर येणारा घरघरत यायचा, मध्ये इतकी मोठी फट पडायची की ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागावा. हाही आवाज आता थोडेच दिवस, असं तिच्या मनात आलं. तिनं यंत्र उशीशी ठेवलं आणि बटण दाबलं. का, ते तिला तेव्हा सांगता आलं नसतं.

बाबा गेले त्याच आठवड्यात कंपनीचा माणूस यंत्र मागायला दारात उभा राहिला. पाठोपाठ दादाचा निरोप: परत यायची घाई करू नकोस, तुझ्या जागी दुसऱ्याला घेतलंय. बाबांचा आवाज तिनं आपल्याकडे उतरवून घेतला होता. यंत्रातला पुसायचं मात्र तिच्या डोक्यातही आलं नाही.

पुढे ती कार्टूनमधले बेडूक आणि कावळे करू लागली. ‘उरलेले २’ येणार अशी बातमी आली तेव्हा तिनं मनातल्या मनात सुरी पाजळली. माझ्याशिवाय यांची मढी बोलतातच कशी, बघते. समीक्षक यांची सालटी काढतील आणि मी चहा पीत वाचीन, असा तिचा बेत होता.

समीक्षणं आली. एकानं लिहिलं, ‘पहिल्या भागापेक्षा सरस.’ दुसऱ्यानं लिहिलं, ‘या भागाचा जीव म्हणजे तळघरातला म्हातारा. तो दिसत नाही, फक्त त्याचा श्वास ऐकू येतो, आणि अंगावर काटा येतो.’ कडू नावानं ओळखला जाणारा एक समीक्षक होता. तो कुणाचं चांगलं बोलत नाही म्हणून ते नाव. त्यानंसुद्धा दहापैकी नऊ दिले आणि व्हिडिओत हसत हसत म्हणाला, “या थेरड्याला ठेचताना जी मजा येते ना, तिला तोड नाही.”

कोण आहे हा म्हातारा, म्हणून भुताईनं गेम विकत घेतला. भर दुपारी खेळत तळघरापर्यंत पोचली. पायऱ्या उतरल्या, अंधार झाला, आणि स्पीकरमधून एक बारीक शिट्टी आत गेली. मग फट. मग घरघर.

स्वयंपाकघरात भांडं पडलं. आई ओल्या हातांनीच दारात येऊन उभी राहिली. निवृत्त होईपर्यंत तिनं टेलिफोन ऑफिसात काम केलं होतं. एकदा ऐकलेला आवाज ती विसरत नसे, आणि हा तर...

“ह्यांचा आवाज कुठून येतोय?” आईनं विचारलं.

पडद्यावर म्हातारा अंधारातून पुढे आला, जबडा लोंबता, एक डोळा गळालेला, आणि बाबांच्या श्वासानं श्वास घेऊ लागला. मारायचं बटण भुताईच्या बोटाखाली होतं. ते दाबवेना. म्हाताऱ्यानंच तिला फाडलं आणि गेम संपला.

तिनं आईला सगळं सांगितलं. यंत्र, उशी, दुपार. आईनं खुर्चीची पाठ घट्ट धरली. मग म्हणाली, “लोक ह्यांना पाइपनं मारतात?”

“हो.”

“आणि हसतात?”

“हो, आई.”

“सोडू नकोस त्याला,” आई म्हणाली आणि पडलेलं भांडं उचलायला आत गेली.

भुताईनं दादाला फोन केला नाही, वकीलही गाठला नाही. दादाचा जीव कशात आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. पैसा त्यानं आधीही बुडवला होता आणि पुन्हा उभा केला होता. समीक्षकांची शाबासकी मात्र तो फ्रेम करून भिंतीवर लावायचा. तिला त्या भिंतीलाच हात घालायचा होता.

ती कडूकडे गेली. दोन खोल्यांचं घर, एका खोलीला सगळीकडून करडा स्पंज, मध्ये कॅमेरा. आधी त्याला वाटलं, कामावरून काढलेली बाई आहे, खुन्नस काढायला आली आहे. तसं तोंडावर बोललाही.

“खुन्नस आहेच,” ती म्हणाली. “पण आधी ऐका.”

त्यानं हेडफोन लावले. श्वास सुरू झाला, तोच, तळघरातला. पण गेममध्ये जिथे तो तुटतो तिथे हा तुटला नाही. पेल्यात चमचा फिरल्याचा आवाज आला. आईचा आवाज आला, “पाणी देऊ का हो?” आणि त्या घरघरीतून वर येत एक माणूस कसाबसा म्हणाला, “नंतर. तू बस जरा.”

कडूनं हेडफोन काढून टेबलावर ठेवले. त्याच्याकडे बघवत नव्हतं.

“मी यावर हसलो होतो,” तो म्हणाला.

“माहिती आहे. आईनंही बघितलंय.”

त्याचा नवा व्हिडिओ आला. त्यात त्यानं ते दोन्ही आवाज तिच्या परवानगीनं एकापाठोपाठ ऐकवले आणि म्हणाला, “माझे नऊ गुण मी परत घेतो. या गेमला मी आकडा देणार नाही.” मग एकच झुंबड उडाली. ज्यांनी ज्यांनी म्हाताऱ्याचं कौतुक केलं होतं त्यांना ते गिळता येईना की ओकता येईना. कुणी समीक्षण मागे घेतलं, कुणी खाली दिलगिरी जोडली. एका विद्वानानं मात्र लिहिलं की आवाज कुणाचा यानं परिणामात फरक पडत नाही, आणि रेकॉर्ड करणारी मुलगी तरी कुठे विचारून करत होती? हे वाचून भुताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली, कारण त्यातला दुसरा भाग खोटा नव्हता. पण आता ती थांबणार नव्हती.

दादाचे फोन सुरू झाले. तिनं अट घातली, घरी या.

तो फुलं घेऊन आला. आईनं फुलं हातात घेतली नाहीत, म्हणून ती त्याच्याच मांडीवर राहिली. भुताईनं त्याला बाबांच्या खोलीत, रिकाम्या पलंगासमोर बसवलं आणि रेकॉर्डिंग लावलं. सगळं. सुरुवातीपासून.

थोड्या वेळानं तो चुळबुळला. “भुताई, कळलं मला. बंद कर ना आता.”

“बसा साहेब.”

‘दादा’ हा शब्द तिनं गाळला हे त्याच्या लक्षात आलं. आई दारात खुर्ची टाकून बसली होती, त्यामुळे बाहेर जायचं तर तिला ओलांडून जावं लागलं असतं. श्वास चालत राहिला. शिट्टी, फट, घरघर. दादाच्या कपाळावर घाम आला.

“कळत होतं का तुम्हाला?” भुताईनं विचारलं. “यंत्रात सापडलं तेव्हा?”

“नवीन पोराला सापडलं. मला वाटलं, तूच काढलेला एखादा...”

“फाइलला नाव काय होतं?”

तो फुलांचा कागद कुरतडत राहिला.

“नाव काय होतं, साहेब?”

“बाबा,” तो म्हणाला.

“पुन्हा सांगा. आईला कमी ऐकू येतं.” आईला सुई पडली तरी ऐकू यायचं.

“बाबा,” तो मोठ्यानं म्हणाला आणि रडायला लागला. त्या दोघींपैकी कुणीही त्याला गप्प केलं नाही, पाणीही विचारलं नाही. रेकॉर्डिंग संपेपर्यंत तो तिथेच होता.

म्हातारा गेममधून काढला गेला. त्याच्याविना तळघर नुसतं तळघर उरलं, आणि समीक्षकांनी तेही बोलून दाखवलं. तिसरा भाग बासनात गेला. बरीच माणसं घरी बसली. त्यात झॉम्बींची चित्रं काढणारी तिची मैत्रीण होती. ती फोनवर म्हणाली, “तुझं बरोबर होतं गं. पण दोन मुलं आहेत मला.” भुताईनं तिची माफी मागितली, मनापासून मागितली, आणि आपल्या ओळखीच्या कार्टूनवाल्यांकडे तिच्यासाठी शब्द टाकला. मैत्रिणीनं ती नोकरी घेतली, पण पुन्हा फोन केला नाही.

वर्षाअखेरीला कडूनं त्या वर्षातले सर्वांत वाईट गेम सांगणारा व्हिडिओ काढला. ‘उरलेले २’ त्यात पहिला होता. दादाचा फोटो दाखवून त्यानं जी सालटी काढली ती ऐकून आई म्हणाली, “जरा मागे ने.” भुताईनं मागे नेलं, आवाज वाढवला, आणि दोघी ताटं वाढून घेऊन समोर बसल्या.