बढाईचा फॉर्म

अमेरिकेतल्या बॉथेल गावच्या शाळेतून आठ प्रश्नांचा एक फॉर्म आला आणि प्रतिमाचं डोकंच फिरलं. तिची एकुलती एक मुलगी सावनी अकरावीत, म्हणजे इकडच्या भाषेत ज्युनिअर. पुढच्या वर्षी कॉलेजांना अर्ज जाणार, सोबत शाळेच्या समुपदेशक बाईंचं शिफारसपत्र जाणार. चारशे मुलं सांभाळणाऱ्या त्या बाईंना सावनी कशी आहे हे कळावं म्हणून आईवडिलांनी भरायचा हा कागद. नाव काय, तर ब्रॅग शीट. बढाया मारायचा कागद! आपल्याच पोरीची टिमकी आपणच वाजवायची आणि वर त्याखाली सही ठोकायची. लाज कोळून प्यायलेल्यांची कामं ही, असं प्रतिमाचं स्पष्ट मत होतं.

तिच्या माहेरी असले लाड नव्हते. वडील, अण्णा, कऱ्हाडच्या एस.टी. डेपोत वाहतूक नियंत्रक. दहावीला प्रतिमा शाळेत पहिली आली, तेव्हा गुणपत्रिका हातात घेऊन त्यांनी विचारलं होतं, गणितातले सहा मार्क कुठे सांडलेस? पेढे वाटले ते आईने, तेही अण्णा ड्यूटीवर गेल्यावर. पुढे प्रतिमा एम.एस्सी. झाली, लग्न करून अमेरिकेत आली, व्हिसापायी सहा वर्षं घरात बसली आणि मग एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये लागली. काम काय, तर तयार औषधाच्या नमुन्यांत खोट शोधायची आणि ती लिहून काढायची. अकरा वर्षं ती हेच करत होती आणि त्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

फॉर्मही तिने तसाच भरला. मुलीचे गुण कोणते? बरी आहे, मनात आणलं तर करू शकते, पण आणत नाही. कोणतं मोठं आव्हान तिने पेललं? सकाळी उठणं, अजून पेललेलं नाही. तीन शब्दांत वर्णन करा. आळशी, हट्टी, प्रामाणिक. यातलं प्रामाणिक लिहिताना जरा जास्तच होतंय असं तिला वाटलं. एका प्रश्नाला तर तिने मैत्रिणीच्या मुलाचं, नकुलचं उदाहरण दिलं, तो किती शिस्तीचा आहे म्हणून. आपला तो बाब्या असं लोक म्हणतात. या बाईचं सगळंच उलटं.

तीन दिवसांनी समुपदेशक बाईंची मेल आली. मिस हॅन्सन त्यांचं नाव. फार गोड भाषेत त्यांनी विचारलं होतं, घरी सगळं ठीक आहे ना? एवढ्यावरून पत्र लिहिणं अवघड आहे, शुक्रवारी चारपर्यंत पुन्हा भरून द्याल का? खाली प्रतिमाची सगळी उत्तरं जोडलेली होती आणि मेलची एक प्रत सावनीलाही गेली होती.

सावनी एरवी भांडायचीसुद्धा इंग्रजीत. त्या संध्याकाळी ती स्वयंपाकघरात आली, फोन ओट्यावर ठेवला आणि मराठीत म्हणाली, "आई, हे सगळं खरं आहे. पण एवढंच?"

आणि वर निघून गेली. दार आपटलं असतं तर प्रतिमाला बरं वाटलं असतं.

मग ती भडकली. शाळेवर, मिस हॅन्सनवर, सगळ्या अमेरिकेवर. तिचा नवरा सुशांत शांतताप्रिय माणूस, म्हणाला मी भरतो, आणि दहा मिनिटांत त्याने लिहिलंही: मनमिळाऊ, कष्टाळू, आज्ञाधारक, मोठ्यांचा मान राखणारी. प्रतिमाने कपाळावर हात मारला. पोरीला कॉलेजात घालायचंय की स्थळं बघायचीत, असं त्याला विचारलं आणि सगळं पुसून टाकलं.

शुक्रवारी तिने अर्धी सुट्टी घेतली आणि जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप घेऊन बसली. एक ओळ लिहायची, दोन पुसायच्या. खोट सापडते, ती सिद्ध करता येते. गुण कसा सिद्ध करायचा, हे तिला कोणी शिकवलंच नव्हतं. दीड वाजला, दोन वाजले. आणि ती स्वतःशी कबूल झाली की लिहिण्याजोगं एक आहे, पण ते तिने मुद्दाम आत दाबून ठेवलंय.

दोन वर्षांपूर्वी अण्णांचे कान गेले. व्हिडिओ कॉलवर ते नुसतं हं हं करायचे आणि फोन आईच्या हातात द्यायचे. सावनीने कोणी न सांगता एक पांढरा फळा आणला, इंटरनेटवर बघून बघून देवनागरी गिरवली आणि दर रविवारी सकाळी मोठ्या अक्षरांत लिहून ती फळा कॅमेऱ्यासमोर धरायला लागली. जेवलात का? गुडघा कसा आहे? अण्णा आधी तिच्या चुका काढायचे, मग तास तास गप्पा मारायचे. दिवाळीत त्यांनी प्रतिमाला एकटीला सांगितलं होतं, तुझी पोर गुणाची आहे गं, तिच्यामुळे मी माणसांत आलो.

हे तिने जसंच्या तसं लिहिलं. अण्णांच्या वाक्यासकट.

तीन वाजता सावनी शाळेतून आली. प्रतिमाने लॅपटॉप तिच्याकडे फिरवला. सावनीने उभ्याउभ्याच वाचलं.

"आजोबा असं म्हणाले? कधी?"

"दिवाळीत."

"इट्स एप्रिल, आई."

डोक्यात हवा जाईल, दृष्ट लागेल, सगळी उत्तरं प्रतिमाच्या तोंडाशी तयार होती. पण तिला आता स्वतःचाच इतका वैताग आला होता की खरं तेच बाहेर पडलं.

"मला ते असं कधी म्हणाले नाहीत," ती म्हणाली. "एकदाही नाही. जळले मी तुझ्यावर. म्हणून नाही सांगितलं."

सावनीने स्क्रीनकडे बोट दाखवलं.

"हे तू मिस हॅन्सनना सांगितलंस," ती म्हणाली. "मला नाही."

"वाचलंस ना आता?"

"वाचलं. आता म्हण."

एरवी प्रतिमाच्या तोंडाला लागायची कोणाची छाती नव्हती. आता तीच घड्याळात बघायला लागली. चार वाजायला बराच अवकाश होता, त्यामुळे घाईचं निमित्तही नव्हतं. शेवटी टेबलाकडे बघत ती पुटपुटली, "गुणाची आहेस."

सावनीने खुर्ची ओढली आणि तिच्या समोर बसली.

"परत," ती म्हणाली.

प्रतिमाने मान वर केली आणि परत म्हटलं.