मरळ धरायचा चिमटा

खंडेराव आमच्या हर्सूलच्या गल्लीत राहायला आला तो तेरा सालच्या उन्हाळ्यात. वैजापूरकडच्या वाडीत त्याची ऐंशी मेंढरं होती. सलग दोन वर्षं चारा नाही, पाणी नाही, तेव्हा ती विकून टाकली आणि बायकोला, सत्यशीलाला, घेऊन तो शहरात आला. त्या काळात आमच्याकडं रोज कुणी ना कुणी असंच येत होतं. बाजरीच्या रानात प्लॉटचे दगड रोवले जात होते आणि जुन्या घरांना आठवड्यातून एकदा नळ येत होता. माझी छोटा हत्ती गाडी आहे. खंडेरावचं बिऱ्हाड मीच आणलं. एकाच खेपेत, आणि तीही निम्मी रिकामी.

वाळूजच्या एका कारखान्यात तो पत्र्याच्या प्रेसवर लागला. दोन वर्षांनी त्या प्रेसनं त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं नेली, अंगठ्याजवळची दोन्ही. अंगठा, करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तेवढं राहिलं. दवाखान्यातून आल्यावर तो हात खिशात घालूनच हिंडायला लागला. चहा डाव्या हातानं घ्यायचा. लग्नकार्यात पंगतीला बसायचा नाही, "भूक नाय," म्हणून बाजूला उभा राहायचा. सत्यशीला एकदा मला म्हणाली, "मोतीभाऊ, जखम भरली ओ, पण माणूस अजून दवाखान्यातच हाय."

छावणीच्या कडेला आप्पासाहेबांच्या बंगल्यावर राखणदाराची जागा होती, ती मी त्याला लावून दिली. आप्पासाहेब फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. मिशा पांढऱ्या, आवाज अजून परेडच्या मैदानावरचा. त्यांना गळ टाकून मासे धरायचा भारी नाद. पुण्याहून त्यांनी एक कयाक आणली होती. कयाक म्हणजे एका माणसापुरती लांबट, अरुंद, प्लास्टिकची होडी. तिच्यावर पाय पसरून बसायचं आणि दोन्हीकडं पातं असलेल्या वल्ह्यानं वल्हवायचं. पण होडी आली आणि आप्पासाहेबांचे गुडघे गेले. वर्षभर ती पेरूच्या झाडाखाली पालथी पडून होती. खंडेराव रोज सकाळी तिच्यावरची पानं झाडायचा.

एके दिवशी आप्पासाहेबांनी विचारलं, "पोहता येतं का रे?"

"विहिरीत शिकलोय साहेब."

"मग उचल तिला. मोतीरामला म्हणावं गाडी आण."

सतरा साली पाऊस बरा झाला होता, पैठणच्या धरणाचा नाथसागर भरला होता. आम्ही दर रविवारी पैठण रोडनं निघायचो आणि फुगवट्याच्या पाण्याकडं वळायचो. तिथल्या मच्छीमार सोसायटीकडून आप्पासाहेबांनी गळाची रीतसर परवानगी काढली होती. ते काठावर खुर्ची टाकून बसत आणि तिथून हुकूम सोडत. खंडेराव पाण्यात. अंगात फुगीर जाकीट, डोक्याला पंचा. पहिल्या दोन रविवारी होडी नुसती गोल गोल फिरली. तिसऱ्या रविवारी ती सरळ गेली. उरलेल्या दोन बोटांनी आणि अंगठ्यानं तो वल्हं धरायचा, आणि बोटं नाहीत हे लांबून दिसतही नसे. दोन-तीन तास तो हात उघड्यावर असायचा. हे मी पाहिलं होतं.

मग मरळ लागली.

मरळ म्हणजे ताकदीचा मासा. अंग शेवाळासारखं निसरडं, तोंडात दात, आणि पाण्याबाहेर काढला तरी तासभर धडपडतो. आप्पासाहेबांनी खोट्या बेडकाचा गळ दिला होता, त्याला दोन काटे. खंडेरावनं मरळ ओढत होडीपाशी आणली, गळाची छडी डाव्या हातात धरली आणि उजव्या हातानं माशाला उचलायला गेला. तो हात कुठं पुरणार? मरळ निसटून त्याच्या मांडीवर पडली, तिनं एक हिसका दिला, आणि मोकळा काटा खंडेरावच्या तळहातात शिरला. दुसरा काटा माशाच्या जबड्यात. मासा उड्या मारतोय आणि प्रत्येक उडीबरोबर तळहात फाटतोय. त्या धांदलीत होडी कलंडली.

मी चपलांसकट पाण्यात धावलो. जाकीट होतं म्हणून तो वर तरंगत होता. दात खाऊन त्यानं दोरी तोडली, माशाच्या जबड्यातला काटा उपसला, मासा गेला, आणि हातात काटा घेऊन तो काठाला लागला. पैठणच्या डॉक्टरनं काटा काढला, तीन टाके घातले.

सत्यशीलानं पट्टी पाहिली. आप्पासाहेब स्वतः सांगायला आले होते, त्यांना तिनं पाणी दिलं आणि उभ्यानंच बोलली, "साहेब, निम्मा हात मशिनीनं खाल्ला. उरलेला माशाला द्यायचा नाय मला."

आप्पासाहेबांनी मान खाली घातली. म्हणाले, "चूक माझी आहे, बाई. अवजार न देता जवानाला पाठवला मी."

खंडेराव भिंतीला टेकून बसला होता. तिथूनच म्हणाला, "मला जायचंय."

सत्यशीला त्याच्याकडं पाहत राहिली. दोन वर्षांत त्यानं स्वतःहून काही मागितलेलं तिला आठवत नव्हतं. "मग ज्यानं धरायचं ते आधी आणा," ती म्हणाली, "आणि मला दाखवूनच पाण्यात उतरा."

छावणीच्या बाजारात सलाहुद्दीन चाचांचं दुकान आहे. ताडपत्र्या, दोरखंड, जाळी आणि एका कपाटात गळाचं सामान. टाके निघाल्यावर आम्ही तिघं तिथं गेलो. चाचांनी काऊंटरवर माशाचा जबडा धरायचे चिमटे मांडले. दुकानदार त्याला लिप ग्रिपर म्हणतात. माशाच्या खालच्या ओठाला तो लावायचा, म्हणजे बोटं दातांपासून आणि काट्यापासून लांब राहतात आणि मासाही हातातून घसरत नाही.

आप्पासाहेबांनी सरळ स्टीलचा उचलला. चकचकीत, जड, मुठीत वजनकाटा बसवलेला. "हा घे. आयुष्यभर टिकेल."

खंडेरावनं तो डाव्या हातानं उलटापालटा केला. "चांगला हाय साहेब," म्हणाला. उजवा हात खिशात होता.

चाचा चष्म्यावरून बघत होते. "मियाँ, मच्छी आई तो डंडा कौनसे हाथ में रखते?"

"डाव्या."

"तो ये कौनसे हाथ से चलाते? वो हाथ दिखाव ना. कायकू छुपाते?"

मला वाटलं आता हा उठून जाणार. आप्पासाहेबही खाकरले. पण खंडेरावनं हात बाहेर काढला आणि काऊंटरवर ठेवला. चाचांनी बूट घेणाऱ्याचा पाय बघावा तसा तो बघितला, उलटा केला, अंगठा दाबून पाहिला. "अंगूठे में जोर है. ये दो में भी है. अब ये खींचो."

स्टीलच्या चिमट्याला बंदुकीच्या घोड्यासारखी कळ होती. ती मागं ओढली की तोंड उघडतं. आणि ती ओढायची नेमकी त्या दोन बोटांनी, जी खंडेरावला नव्हती. त्यानं करंगळीकडच्या बोटांनी ओढून पाहिली. मूठ वळली, चिमटा तिरपा झाला, कळ सुटली.

"नक्को," म्हणत चाचांनी तो बाजूला सारला. आप्पासाहेबांचा चेहरा उतरला. "पण वजनकाटा होता त्यात," ते स्वतःशीच म्हणाले.

दुसरा प्रकार पकडीसारखा होता, प्लास्टिकचा. मूठ दाबली की तोंड उघडायचं, सोडली की मिटायचं. हा जमला. तसले तीन होते. मग खंडेरावच म्हणाला, "चाचा, एक बादली पाणी आन् साबण मिळंल का? कोरड्या हातानं काय कळतंय?"

दुकानाच्या पायरीवर बादली आली. त्यानं हाताला साबण फासला आणि चाचांचीच एक रबरी चप्पल भिजवून माझ्या हातात दिली. "मोतीभाऊ, तुम्ही मासा व्हा. हिसके द्या." मी चप्पल ओढली. पहिल्या चिमट्याची मूठ बारीक होती, ती साबणातून घसरली. दुसऱ्याची जाड होती, ती राहिली. पण मी चप्पल गरकन फिरवली तसं त्याचं मनगट पिळवटलं, कारण चिमट्याचं तोंड मुठीला घट्ट होतं. मरळ अशीच गिरकी घेते. तिसऱ्याचं तोंड मुठीवर फिरत होतं. मी चप्पल कितीही फिरवली तरी हात जागेवर राहिला. बाजारातली माणसं थांबून बघायला लागली. दोन म्हातारे, एक भाजीवाली. खंडेरावचं तिकडं ध्यानच नव्हतं.

शेवटी त्यानं स्टीलचा आणि हा, दोन्ही बादलीत सोडले. स्टीलचा तळाला गेला. प्लास्टिकचा केशरी रंगाचा, हलत वर राहिला.

"साहेब," तो म्हणाला, "तुमचा भारी हाय. पण हातातनं सुटला तर धरणातनं कोण काढणार?"

आप्पासाहेब हसले. म्हणाले, "घे मग तुझाच. आणि ऐक. चिमट्याची दोरी मनगटाला बांधू नकोस, होडीला बांध. मोठा मासा लागला तर चिमटा जाऊ दे, तू जायला नकोस."

घरी त्यानं मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली. सत्यशीलानं चिमटा आपल्या पदराच्या काठाला लावून दोन्ही हातांनी ओढला. काठ सुटला नाही. "जावा," ती म्हणाली.

चिमटा आला म्हणून मासे हातात यायला लागले असं झालं नाही. पुढच्या रविवारी दोन मरळी होडीपाशी येऊन सुटल्या, कारण तो घाई करत होता. मासा दमायच्या आतच चिमटा पुढं करायचा. आप्पासाहेब काठावरून ओरडून थकले. मेंढरू धरताना तू काय करायचास, असं मीच त्याला विचारलं. "आधी पळू द्यायचं," तो म्हणाला.

त्याच्या पुढच्या खेपेला मरळ लागली तेव्हा त्यानं तिला पळू दिलं. तीन वेळा ती दोरी घेऊन गवताकडं गेली, तीन वेळा तो शांत बसून राहिला. चौथ्यांदा ती होडीशेजारी कुशीवर आली. त्यानं वाकून चिमट्याचं तोंड उघडलं, खालच्या ओठावर ठेवलं आणि मूठ सोडली. मरळीनं गिरकी घेतली. चिमट्याचं तोंड तिच्याबरोबर फिरलं, खंडेरावचा हात नाही फिरला. त्यानं तिला उचलून आमच्याकडं वळवलं. हाताएवढी लांब, काळीभोर. आप्पासाहेब गुडघे विसरून खुर्चीतून उठले होते.

त्या संध्याकाळी सत्यशीलानं मरळीचं कालवण केलं आणि अर्धी गल्ली जेवली.

एकोणीसच्या उन्हाळ्यात नाथसागर पार तळाला गेला. भेगाळलेल्या गाळातून आम्ही होडी अर्धा कोस खांद्यावर न्यायचो. उरलेल्या पाण्यात मासे दाटीनं होते, एका सकाळी दहा धरता आले असते. खंडेराव एकच धरायचा, बाकीचे ओठाला धरून पाण्यातच सोडवायचा. आप्पासाहेबांनी विचारलं तर म्हणाला, "दुष्काळात गाभण मेंढी आम्ही सगळ्यात शेवटी विकायचो, साहेब." त्या पावसाळ्यात वरच्या धरणांचं पाणी आलं आणि आमची बसायची जागा बुडाली.

पुढं आप्पासाहेब मुलाकडं नाशिकला राहायला गेले. जाताना होडी खंडेरावला देऊन गेले. बंगल्याच्या जागी आता पाच मजली इमारत आहे आणि खंडेराव चाचांच्या दुकानात बसतो. कपाटाच्या किल्ल्या त्याच्याकडं असतात. कुणी नुसतं चकाकणारं बघून चिमटा मागितला तर तो आधी बादली भरून आणतो.

रविवारी संध्याकाळी नाशिकहून फोन येतो. काय लागलं, किती लांब, गळ कुठला, सगळं सांगावं लागतं. काही लागलं नसलं तर खंडेराव तसंच सांगतो. मग आप्पासाहेब वारा कुठून होता ते विचारतात, आणि दोघं बराच वेळ वाऱ्याबद्दल बोलत बसतात.