अँथनीचं पानी

आमच्या शेजारच्या सुमेधासमोर कुणी ‘पानी’ म्हटलं की तिला चैन पडत नसे. माहेर साताऱ्याकडचं. गोखिवऱ्यातल्या एका छापखान्यात ती कंप्युटरवर मराठी मजकूर टाइप करायची आणि भाजीवालीपासून माझ्यापर्यंत सगळ्यांचे ‘ण’ दुरुस्त करायची. मी मुद्दाम तिच्या दारात उभा राहून “वाटीभर लोनी आहे का?” विचारायचो.

छापखान्यात तिच्या शेजारी पाचूबंदरच्या कोळीवाड्यातला अँथनी बसे. आईच्या तोंडची लग्नातली गाणी त्यानं टाइप करून ठेवली होती. आई गेली. २००४ साली काविळीनं अँथनीही गेला आणि पाठोपाठ त्याच्या मशीनची डिस्क जळाली. गाणी उरली फक्त सगळ्या मशीनच्या नकला ठेवणाऱ्या, कोपऱ्यातल्या बॅकअपच्या पेटीत. पेटीचा ॲडमिन पासवर्ड एकट्या अँथनीला ठाऊक.

ही पेटी चालताना घसा खाकरल्यासारखा आवाज करी. अँथनीही बोलण्याआधी तस्साच खाकरायचा. पेटीकडे पाठ करून बसायला कुणी धजेना.

त्याची बायको आग्नेस गाण्यांसाठी सारख्या खेपा घालायची. एकदा बोलता बोलता म्हणाली, “शेवटी ‘सुमेधाला सांग, पानी’ एवढंच बोलला. मी चमच्यानं पाजलं, तर तोंड फिरवलं त्यानं.”

सुमेधानं लगेच कीबोर्ड पुढे ओढला. तहान नव्हती ती, पासवर्ड होता. तिनं टाइप केला. पेटी खाकरली, उघडली नाही. तिनं पुन्हा पुन्हा केला, तसं खातंच लॉक झालं.

कंप्युटर दुरुस्त करणारा परेश म्हणाला, “मागचं बटण दाबलं तर खातं उघडेल ताई, पण आतलं सगळं पुसलं जाईल. उद्यापर्यंत लॉक आपोआप सुटेल. त्यानंतर मात्र एकदा जरी चुकलात, तर पेटी स्वतःच सगळं पुसते. अँथनीनं तसं लावून ठेवलंय.”

दुसऱ्या दिवशी आग्नेस आली. मीही छापखान्यात पोचलो.

“तुम्ही कशाला, भाऊ?” सुमेधानं विचारलं.

“तुझा डबा राहिला होता.” डबा माझाच होता.

आग्नेस अँथनीच्या खुर्चीमागे उभी राहिली. “पानीच बोलला तो.”

“तेच तर टाइप केलं होतं मी काल. पाणी.”

पेटी खाकरली.

“पाणी बोलायला जमायचं नाही त्याला,” आग्नेस हळूच म्हणाली.

“बघ सुमेधा,” मी म्हटलं, “मेल्यावरही दुरुस्त करतेस त्याला.” कुणी हसलं नाही.

सुमेधाचा हात थबकला. त्यांच्या मराठी टायपिंगमध्ये छोटा एन म्हणजे न, मोठा एन म्हणजे ण. इतकी वर्षं तिचं बोट आपसूक शिफ्टवर जात आलेलं. तिनं डावा हात मांडीखाली दाबून धरला आणि एका हातानं, छोट्या एननं, अँथनीचं पानी लिहिलं.

पेटी उघडली.

पडद्यावर गाणी सरकू लागली. विहिरीचं पानी, हळदीचं पानी. आग्नेस पुटपुटत वाचत होती. गाणी दुसऱ्या मशीनवर उतरत होती, दिवा लुकलुकत होता, पण खाकरणं थांबलं होतं. आग्नेसनं रिकाम्या खुर्चीला विचारलं, “गेलास?”



“आग्नेसबाई,” सुमेधा म्हणाली, “पानी देऊ?”

मी तोंड उघडलं आणि मिटलं.